गिनीपिग आणण्याआधी त्याचं घर मांडा: पहिल्यांदाच पाळणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

संध्याकाळी फोन येतो. "ताई, आज दोन गिनीपिग आणले, मुलीचा वाढदिवस होता. आता त्यांना ठेवू कशात?" तोवर ती दोन पिल्लं बुटांच्या खोक्यात, वर्तमानपत्रावर, एकमेकांना चिकटून बसलेली असतात. दुकानातून सोबत पोपटाच्या मापाचा पिंजरा, रंगीत दाण्यांची पिशवी आणि एक फिरतं चाक आलेलं असतं. पिंजरा अपुरा, दाणे निरुपयोगी, आणि चाकाने गिनीपिगचा कणा दुखावतो.

महिन्याभराने त्याच घरातून पुन्हा फोन येतो. पाय सुजला आहे, खाणं सुटलंय, घरभर वास सुटलाय, दोनाचे पाच झालेत. या सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच असतं: प्राणी आधी आला आणि त्याचं घर मागाहून जमवलं गेलं.

म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या सात टप्प्यांत घरात गिनीपिग नसतो. या तयारीला दोन आठवडे लागतात. मुलं रोज विचारतील, "कधी आणायचा?" त्यांना पिंजरा बांधायला सोबत घ्या, म्हणजे वाट पाहणं जड जात नाही.

## टप्पा १: घरातल्यांशी बोलून घ्या

गिनीपिग साधारण ५ ते ८ वर्षं जगतो. आज पाचवीत असलेली मुलगी तोवर बारावीला पोचते, आणि पिंजरा साफ करायचं काम आई-बाबांकडे येतं. ते करायची तयारी असेल तरच पुढे वाचा.

एकटा गिनीपिग पाळू नका. हा कळपातला प्राणी आहे. माणसाने कितीही वेळ दिला तरी दिवसाचे बाकीचे तास तो एकटाच राहतो, आणि एकटा राहिलेला गिनीपिग मलूल होतो. म्हणजे दोन प्राणी, दोघांना पुरेल एवढी जागा आणि रोजची साधारण अर्ध्या तासाची निगा. घरात कुणाला दमा किंवा गवताची ॲलर्जी असेल तर आधी गवताचं एक पाकीट आणून ते आठवडाभर खोलीत उघडं ठेवून बघा. त्रास बहुधा गवताच्या धुळीचाच होतो.

गणपतीत किंवा मे महिन्यात गावी गेल्यावर यांच्याकडे कोण बघणार, तेही आत्ताच ठरवा. यांना दोन दिवसांचं खाणं ठेवून जाता येत नाही.

## टप्पा २: जागा ठरवा, आणि तिथे थर्मामीटर ठेवा

सगळ्यात जास्त जीव याच टप्प्यावर घाई केल्याने जातात. गिनीपिगला घाम येत नाही. १८ ते २४ अंश तापमान त्याला मानवतं. २७ च्या वर तो अस्वस्थ होऊ लागतो आणि दमट हवेत त्याला उष्माघात फार लवकर होतो. आपल्याकडे मार्च ते जून यातलं जवळजवळ सगळं ओलांडलेलं असतं, म्हणून जागा ठरवताना फक्त कोपरा रिकामा आहे की नाही ते पाहून भागत नाही.

साधा खोलीचा थर्मामीटर आणा आणि मनातल्या जागी, जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवा. चार दिवस सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री १० वाजता वाचून कागदावर लिहा. माणसाच्या उंचीवर खोली गार वाटते, पण पश्चिमेकडच्या भिंतीलगत खाली काही वेगळंच निघतं. वरच्या मजल्यावर राहत असाल तर रात्रीचा आकडा नीट बघा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहतो.

पुढच्या जागा थर्मामीटर न लावताच बाद करा:

- बाल्कनी किंवा गॅलरी. दुपारचं ऊन, पावसाची झड, मांजर आणि कावळा, चारही शत्रू तिथे एकत्र येतात.
- स्वयंपाकघर. फोडणीचा धूर आणि कुकरच्या शिट्ट्या हे त्याला सोसत नाही.
- देवघराजवळ. उदबत्ती आणि धूप त्याच्या नाकाला फार तिखट लागतात. डासांची कॉइल तर त्या खोलीत अजिबात नको.
- टीव्हीच्या किंवा स्पीकरच्या शेजारी.

उत्तम जागा म्हणजे बैठकीच्या खोलीतला, ऊन थेट न येणारा, दोन बाजूंनी भिंत असलेला कोपरा. माणसांची ये-जा दिसेल, पण कुणी त्याच्या अंगावरून जाणार नाही असा.

सावध: त्या कोपऱ्यातली फरशी फिनाईलने पुसणं आजपासून बंद करा आणि घरकामाला येणाऱ्या मावशींना तसं नीट समजावून सांगा. मुंग्यांसाठी खडूच्या रेघा ओढायची सवय असेल तर तीही सोडा. त्या रेघेत कीटकनाशक असतं आणि गिनीपिग जमीन चाटतो. मुंग्यांवर जुना उपाय आहे: पिंजरा बुटक्या टेबलावर ठेवा आणि टेबलाचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत उभे करा. दुधा-तुपाच्या कपाटाला आजी हेच करायची.

## टप्पा ३: डॉक्टर शोधा, प्राणी निरोगी असतानाच

गावातले बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशी किंवा कुत्री-मांजरं बघतात. गिनीपिग बघणारे थोडेच आहेत, आणि खाणं सोडलेला गिनीपिग कुशीत घेऊन रात्री नऊला ते शोधता येत नाहीत. मोठ्या शहरांत छोटे प्राणी आणि पक्षी बघणारे खासगी डॉक्टर मिळतात. ते नसतील तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांपैकी जवळ पडेल तिथल्या दवाखान्यात चौकशी करा.

फोनवर तीन प्रश्न विचारा. तुम्ही गिनीपिग नियमित बघता का? रविवारी किंवा रात्री काही झालं तर काय करायचं? आणि संसर्ग झाल्यास कोणतं अँटिबायोटिक देता?

तिसरा प्रश्न मुद्दाम आहे. कुत्र्यांना सर्रास दिली जाणारी ॲमॉक्सिसिलीन, पेनिसिलीन गटातली औषधं गिनीपिगच्या पोटात गेली की आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात आणि घातक जिवाणू माजतात. दोन-चार दिवसांत प्राणी जातो. जाणकार डॉक्टर हे स्वतःहून सांगतात. उरलेल्या गोळ्या अंदाजाने देण्याचं धाडस कुणीही, कधीही करू नये.

तपासा: डॉक्टरांचा नंबर, पत्ता आणि वेळा फ्रिजवर चिकटवल्या का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: पिंजरा बांधा

दुकानातला तयार पिंजरा साधारण दोन फूट लांब असतो. एवढ्या जागेत दोन गिनीपिग फक्त बसू शकतात. त्यांना धावायला लागतं; चढाई त्यांना जमत नाही, म्हणून जागा जमिनीवरच हवी. दोघांसाठी किमान साडेसात चौरस फूट, आणि शक्य असेल तर साडेदहाच्या पुढे. वरचा मजला, माळा, रॅम्प यांचं क्षेत्रफळ त्यात धरू नका.

घरी बांधलेला पिंजरा स्वस्तही पडतो आणि मोठाही होतो. साहित्य असं:

- तारेच्या जाळीचे १४ इंची चौकोन, १२ नग. कपाटं जोडायला मिळतात तेच.
- पोकळ प्लास्टिकची शीट, ८ बाय ४ फुटी. बोर्ड छापणारे तिला सनपॅक म्हणतात.
- केबल टाय, रुंद चिकटपट्टी, कटर, लांब पट्टी.

जाळीचे चार चौकोन लांबीला आणि दोन रुंदीला लावले की आत साधारण ५६ बाय २८ इंच, म्हणजे जवळपास ११ चौरस फूट जागा मिळते. चौकोन टायने पक्के बांधा आणि टायची उरलेली शेपटी मुळाशी कापा. कापलेलं टोक बाहेरच्या बाजूला ठेवा, ते सुईसारखं टोचतं.

आता तळ. शीटमधून ६८ बाय ४० इंचांचा तुकडा कापा. चारही कडांपासून ६ इंच आत रेघ मारा. त्या रेघेवर कटर हलक्या हाताने फिरवा, म्हणजे शीटचा वरचा पापुद्राच चिरेल आणि खालचा शाबूत राहील. चार कोपऱ्यांवर ६ इंचांची एकेक चीर मात्र आरपार द्या. मग चिरलेली बाजू बाहेर राहील अशा रीतीने कडा उभ्या करा आणि कोपरे बाहेरून चिकटपट्टीने बांधा. सहा इंच उंच भिंतींचा तबकासारखा तळ तयार होतो. तो जाळीच्या आत बसवा.

इथे बरेच जण चिरलेली बाजू आत घेतात. मग मूत्र त्या चिरेत शिरतं, शीटच्या नळ्यांत साचतं, आणि कितीही धुतलं तरी वास जात नाही.

सावध: जाळीचं भोक मोजा. दीड इंचाहून मोठं असेल तर लहान पिल्लाचं डोकं अडकतं. तळाला जाळी असलेला पिंजरा तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. तारेवर उभं राहून तळव्यांना जखमा होतात, त्यात पू होतो आणि ते दुखणं महिनोन्महिने हटत नाही. घरात मांजर असेल किंवा उंदरांचा वावर असेल तर वरूनही जाळीचं झाकण हवं. त्यासाठी आणखी आठ चौकोन लागतील.

## टप्पा ५: अंथरूण

गिनीपिग दिवसभर थोडं थोडं मूत्र करतो आणि लेंड्यांना तर हिशेबच नाही. अंथरुणाचं काम एकच: ओल वरून खाली जावी आणि पायाखाली कोरडं राहावं.

मी फ्लीसचं, म्हणजे मऊ लवदार कृत्रिम कापडाचं, अंथरूण वापरते. खाली ओल शोषणारा थर, म्हणजे जुने टॉवेल किंवा बाळांसाठी मिळतात त्या ड्राय शीट, आणि वर फ्लीसचं पातळ पांघरूण. नवीन फ्लीस पाणी धरत नाही, ते घरंगळू देतं. म्हणून वापरण्याआधी गरम पाण्यात दोन-तीन वेळा धुवा, आणि कपडे मऊ करणारं द्रव्य कधीही घालू नका.

तपासा: धुतलेलं फ्लीस टॉवेलवर पसरा आणि चमचाभर पाणी ओता. पाणी लगेच खाली उतरलं तर तयार. थेंब वर मोत्यासारखा बसून राहिला तर आणखी एकदा धुवा.

गोधडी घालायचा मोह होतो, कारण ती घरात असते आणि मायेची वाटते. पण सुती गोधडी ओल वरच धरून ठेवते आणि ओल्या कापडावर बसून तळवे कुजतात. गोधडी फ्लीसच्या खाली घाला, तिथे ती उत्तम काम करते. नुसतं वर्तमानपत्र तासाभरात ओलं होतं. सुताराकडचा भुसा आणू नका. त्यात प्लायवूडचा डिंक, पॉलिशची धूळ, बारीक चुरा सगळं असतं, आणि देवदार-पाइनच्या ताज्या भुशाचा उग्र वास त्यांची श्वसननलिका बिघडवतो.

फ्लीसचे किमान तीन संच लागतात, पावसाळ्यात चार. एक पिंजऱ्यात, एक धुण्यात, एक दोरीवर आणि जुलैत एक अजून दोरीवरच असतो.

## टप्पा ६: गवत मिळवा

गिनीपिगच्या पोटात रोज जे जातं त्यातला सुमारे ८० टक्के भाग गवत हवं. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि लांब धाग्याचं गवत दळूनच ते झिजतात. गवत कमी पडलं की दाढा वाढून जिभेला टोचतात, खाणं बंद होतं, आणि गिनीपिगचं आतडं थांबलं की वेळ फार थोडा उरतो. पेलेट (दाबून केलेले खाद्याचे दाणे), भाजी, फळ यांचा नंबर गवताच्या मागे.

पाकिटातलं टिमोथी किंवा ओटचं वाळलेलं गवत ऑनलाइन मिळतं. त्याच्या जोडीला ताजी हरळी चालते, आपण गणपतीला दूर्वा वाहतो तीच. हत्ती गवताची कोवळी पानंही चालतात. हिरवं गवत धुऊन, पाणी निथळून, पसरून ठेवा. ढीग करून ठेवलं तर ते आतून तापतं आणि पोट फुगतं. रस्त्याकडेचं गवत कुत्र्यांनी घाण केलेलं असतं, बागेतल्या हिरवळीवर औषध मारलेलं असतं, दोन्ही नकोत.

आपल्याकडे 'चारा' म्हटलं की काहीही आणलं जातं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. लसूण घासात, म्हणजे अल्फाल्फात (लसणाशी त्याचा संबंध नाही), कॅल्शियम भरपूर असतं. सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला आणि गाभण मादीला ते चालतं, पण मोठ्या प्राण्याला रोज दिलं तर मूतखडा होतो. भाताचा पेंढा पोट भरतो, पोसत नाही. ज्वारीचा कडबा फार जाड आणि टोकदार. आणि हिरवी कोवळी ज्वारी तर अजिबात नको. तिच्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. ती खाऊन जनावरं दगावतात हे शेतकऱ्यांना चांगलं ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट क जीवनसत्त्वाची. माणसासारखंच गिनीपिगचं शरीरही ते स्वतः बनवू शकत नाही. रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम बाहेरून मिळालं नाही तर हिरड्या सुजतात, सांधे दुखतात आणि तो चालायचा थांबतो. ढोबळी मिरचीची पेराएवढी दोन-तीन कापं आणि मूठभर कोथिंबीर रोज दिली की बहुतेक भागतं. पेरूची लहान फोड आठवड्यातून एक-दोनदा द्या. क जीवनसत्त्वाचे थेंब पिण्याच्या पाण्यात टाकू नका. ते लवकर नासतं, शिवाय चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो.

काकडी, लेट्यूस, गाजराचा पाला चालतो. गाजर गोड, म्हणून आठवड्यातून दोन चकत्या. पालक क्वचित. पावसाळ्यात मक्याच्या कणसाची हिरवी पानं आणि केस फेकू नका. त्याइतकं आवडीचं दुसरं काही नाही. पेलेट गिनीपिगसाठीचे घ्या, रोज एकाला साधारण दोन मोठे चमचे. सशाच्या पेलेटमध्ये क जीवनसत्त्व घातलेलं नसतं.

कधीच नाही: कांदा, लसूण, बटाटा, ॲव्होकॅडो, चॉकलेट. पोळी, भात, डाळ, शेंगदाणे, बिस्किट, दूध, दहीही नाही. "एवढ्याशा तुकड्याने काय होतंय" म्हणत आजोबा पोळी देतात, त्यांना प्रेमाने पण ठाम सांगा. त्यांच्या हातात कोथिंबिरीची काडी द्या, म्हणजे भरवण्याचं समाधान त्यांनाही मिळेल.

## टप्पा ७: मांडणी करा आणि तीन दिवस रिकामं घर चालवा

गिनीपिग हा शिकार होणारा प्राणी. डोक्यावर छप्पर दिसलं नाही की तो सतत घाबरलेला राहतो. दोघांसाठी लपायच्या तीन जागा ठेवा आणि प्रत्येकीला दोन दारं असू द्या. एकच दार असेल तर धीट प्राणी दुसऱ्याला आत कोंडतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन बाजूंनी भोकं पाडा, चिकटपट्टी आणि पिना काढून टाका. प्लास्टिकचा बुटका स्टूलही छान चालतो. उन्हाळ्यासाठी आडवं ठेवलेलं मातीचं रुंद तोंडाचं मडकं.

वाळलेलं गवत एका उथळ ट्रेमध्ये ढीग करून ठेवा. तारेचे गोल बॉल किंवा मोठ्या फटींचे रॅक नकोत, त्यात मान अडकते. गवताच्या ट्रेखाली जुनं फ्लीस घाला, कारण गिनीपिग खाता खाताच घाण करतो आणि सगळ्यात जास्त ओल तिथेच होते. भांडी चिनी मातीची, जड आणि दोन. पाण्याच्या बाटल्याही दोन, नळीतली गोळी चाटली की पाणी येतं तशा.

आता प्राण्यांशिवाय तीन दिवस हे घर चालवा. संध्याकाळी बाटलीवर मार्करने पाण्याची रेघ मारा. सकाळी पाणी खाली गेलेलं असेल तर बाटली गळते आहे. नळीतली गोळी बोटाने दाबून पाणी येतं का तेही बघा. भरलेली पण अडकलेली बाटली बाहेरून ठीकच दिसते. मुंग्या येतात का? गवताला कुबट वास लागतो का? दुपारी तीनला थर्मामीटर काय म्हणतो? चौथ्या दिवशी सगळं ठीक असेल तरच पुढे.

## टप्पा ८: आता प्राणी आणा

शक्य असेल तर कुणी सांभाळता न आल्याने देत असलेली जोडी घ्या. एकमेकांची सवय असलेले दोघे मिळतात. दुकानातून घेत असाल तर पाच-सहा आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू नको. डोळे चमकदार, नाक कोरडं, श्वासाला घरघर नाही, मागची बाजू स्वच्छ, केसांत टक्कल किंवा पांढरा कोंडा नाही, एवढं हातात घेऊन बघा. सशांसोबत एकाच पिंजऱ्यात ठेवलेले गिनीपिग टाळा. सशाला न जाणवणारे काही जिवाणू गिनीपिगच्या फुप्फुसात उतरतात.

दोन माद्या किंवा दोन नर भाऊ घ्या. नरांना जागा जास्त लागते आणि त्यांच्यात तिसरा नर घालू नये.

माझी पहिली जोडी दुकानात "दोन्ही माद्या" म्हणून दिली होती. अडीच महिन्यांनी सकाळी गवत बदलायला गेले तर ट्रेच्या मागे तीन पिल्लं बसलेली. डोळे उघडे, अंगावर पूर्ण केस, आणि त्यातलं एक गवताची काडी ओढत होतं. मी हरखून त्यांच्याकडे बघत बसले आणि नराला वेगळं करायचं मला सुचलंच नाही. मादी प्रसूतीनंतर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते हे मला माहीत नव्हतं. दोन महिन्यांनी आणखी चार. त्या दुसऱ्या वेळेनंतर ती मादी इतकी खंगली की तिला सावरायला उन्हाळा लागला.

म्हणून पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांकडून दोघांचं लिंग तपासून घ्या, दुकानाच्या शब्दावर राहू नका. नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की आईपासून वेगळं करायचं असतं. दुकानात ते पाळलं जातंच असं नाही, त्यामुळे लहान वाटणारी मादीही गाभण असू शकते. आणि जी मादी सात-आठ महिन्यांपर्यंत कधीच व्याली नाही, तिची ओटीपोटाची हाडं जुळून घट्ट होतात. त्यानंतरचं पहिलं बाळंतपण तिच्या जिवावर बेतू शकतं. 'एकदा पिल्लं होऊ देऊ' हा विचार मनातून काढून टाका.

## टप्पा ९: पहिले तीन दिवस

सकाळी आणा, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात भरपूर गवत घालून आणा आणि खोकंच पिंजऱ्यात ठेवून उघडा. ते स्वतःहून बाहेर येतील. अर्ध्या पिंजऱ्यावर चादर टाका. मग बाजूला व्हा.

दोघे तासन्‌तास दगडासारखे बसतील. मुलांना वाटतं, आजारी आहेत. तसं नाही, ते तुमच्या घराचे आवाज ऐकत असतात. तीन दिवस उचलायचं नाही, कुणा पाहुण्यांना दाखवायचं नाही. पिंजऱ्याजवळ बसून आपापलं पुस्तक वाचा.

तपासा: दुसऱ्या दिवशी सकाळी गवत कमी झालेलं आणि लेंड्या पडलेल्या दिसल्या पाहिजेत. लेंड्या टपोऱ्या, तपकिरी, एकसारख्या असतील तर पोट चालू आहे. बारा तासांत काहीच खाल्लं नसेल तर फ्रिजवरचा नंबर लावा, चोवीस तास थांबू नका.

चौथ्या दिवसापासून कोथिंबिरीची काडी हातातून द्या. नवीन भाजी एका वेळी एकच. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि अंगाशी धरायचं. मुलांनी जमिनीवर मांडी घालून बसूनच घ्यायचं. सोफ्यावरून उडी मारली तरी हाड मोडतं.

## टप्पा १०: रोजचं आणि आठवड्याचं

रोज सकाळ-संध्याकाळ गवत, ताजं पाणी, लेंड्या झाडून काढणं. फ्लीस तीन-चार दिवसांनी बदला. तळावर मूत्राचा पांढरा थर जमतो, तो साबणाने जात नाही. व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन दहा मिनिटं ओतून ठेवा, मग पुसा. प्राण्यांना आंघोळ घालू नका. नखं महिन्याला कापावी लागतात, पहिल्यांदा डॉक्टरांकडून शिकून घ्या.

दर रविवारी वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेलं ठेवा, आत नॅपकिन, त्यात गिनीपिग आणि एक कोथिंबिरीची काडी, म्हणजे तो स्थिर बसतो. आकडा वहीत लिहा. मोठा प्राणी साधारण ७०० ते १२०० ग्रॅम भरतो. आठवड्यात ५० ग्रॅम घटले तर रोज वजन करा, दहावा हिस्सा घटला तर त्याच दिवशी डॉक्टर. गिनीपिग दुखणं लपवतो. तो खाताना दिसतो, अंगाने भरलेला दिसतो, आणि वहीतले आकडे मात्र उतरत असतात.

पावसाळ्यात गवत जमिनीपासून वर, हवा लागेल अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. बंद प्लास्टिकमध्ये ओल धरली की बुरशी येते. गवताला मातकट वास आला, धूळ उडाली, काळे ठिपके दिसले तर सगळं टाकून द्या. त्वचेवर गोल टक्कल पडून खपल्या दिसल्या तर ते गजकर्ण असू शकतं आणि ते माणसांनाही होतं. हात धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

मार्च लागला की थर्मामीटर पुन्हा पिंजऱ्यात जातो. पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून पंच्यात गुंडाळून ठेवा, शेजारी फरशीचा एक गार तुकडा, मडकं आडवं. पंखा थेट अंगावर नको. विदर्भ-मराठवाड्यात कूलर उपयोगी पडतो. मुंबई-कोकणात तो नुसती दमट हवा वाढवतो, तिथे दुपारी एसीची खोलीच लागते. वीज जाणार हे धरून चाला आणि दोन बाटल्या कायम गोठलेल्या ठेवा. प्राणी आडवा पसरलाय, धापा टाकतोय, तोंडाला लाळ आहे, असं दिसलं तर कान आणि पाय गार पाण्याने ओले करा. बर्फ लावू नका, पाण्यात बुडवू नका. ओल्या नॅपकिनवर ठेवून तसंच डॉक्टरांकडे निघा, आणि निघताना कुणाला तरी तिकडे फोन करायला सांगा.